आधी मीटरबोर्ड दाखवा

आमच्या साडभाऊंइतका दुसऱ्यांच्या घरातला अंधार पाहिलेला माणूस उभ्या नागपुरात सापडायचा नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. तोंडावर मी त्यांना दादा म्हणतो. पाठीमागे आमचं गणगोत त्यांना काय म्हणतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सक्करदऱ्याला राहतात, जन्मभर एका शाळेत भूगोल शिकवून आता निवृत्त झाले आहेत. उंच, वाळलेले, शर्टाची वरची गुंडी मे महिन्यातसुद्धा लावलेली. माणूस कोणाच्या घरी गेला की चप्पल काढतो, बसतो, पाणी घेतो, तब्येतीचं विचारतो. साडभाऊ चप्पल काढतात आणि दारातच मान वर करून भिंती न्याहाळायला लागतात. मीटरबोर्ड सापडेपर्यंत घरातल्या माणसांकडे त्यांचं लक्ष नसतं. तो सापडला की झाकण उघडायचं, चष्मा कपाळावर चढवायचा, एकेका खटक्याकडे वर्गातल्या पोरांकडे पाहावं तसं पाहायचं आणि मग अगदी शांतपणे एक छोटंसं बटण दाबायचं. खट् असा आवाज होतो आणि घरातली सगळी लाइन जाते. आतून कोणीतरी ओरडतं. साडभाऊ मात्र तृप्त चेहऱ्याने म्हणतात, "चालू आहे!" मग खटका वर करतात, लाइन येते, आणि तेव्हा कुठे यजमानांना 'जय भीम' घडतो.

लाइन घालवून हा माणूस 'चालू आहे' कशाला म्हणतो, हे समजायला आम्हाला फार वेळ लागला. तोपर्यंत त्यांनी माझ्या चुलतभावाकडे ऐन मॅचच्या शेवटच्या षटकात ते बटण दाबलं होतं. माझ्या बायकोच्या मिक्सरमधलं वाटण अर्धवट राहिलं होतं. एका निवृत्त न्यायाधीशांचा परदेशातल्या नातीशी चाललेला व्हिडिओ कॉलही ऐन गाण्यात तुटला होता. न्यायाधीशांनी फार संयमाने विचारलं, "मास्तर, हे काय करून राहिले तुम्ही?" त्यावर साडभाऊंनी त्यांना तिथेच सोफ्यावर बसवून भूगोलाचा तास घेतला. बोर्डातले ते बारके खटके, एमसीबी, ते तारेसाठी असतात. तारेला झेपणार नाही इतका करंट जायला लागला, किंवा कुठे तारेला तार भिडली, की ते पडतात आणि तार जळायची वाचते. पण माणूस तारेपेक्षा फार नाजूक. तो मरतो तेवढ्या करंटची एमसीबीला दखलसुद्धा नसते. माणसासाठी हा दुसरा, बटणवाला, ईएलसीबी. "धरणातून कालव्यात जेवढं पाणी सोडलं, तेवढं फिरून परत आलं पाहिजे. हा तिथे मोजत बसलेला असतो. जराही कमी आलं तर तो समजतो, मधे कुठंतरी फुटलं. कोणाच्या तरी अंगातून जमिनीत जाऊन राहिलं. मग तो विचारत बसत नाही. दारच लावून टाकतो." बटण दाबलं की त्याला खोटीखोटी गळती दाखवली जाते. तो पडला म्हणजे जागा आहे. न्यायाधीश म्हणाले, "आणि नाही पडला तर?" साडभाऊ म्हणाले, "तर आजची रात्र तुम्ही देवाच्या भरवशावर झोपणार, आणि मी तर देव मानत नाही."

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर असतो. बँकेत कोणी सही करायला पेन मागितला की ते टेस्टर काढून देतात आणि माणूस बराच वेळ त्याचं टोपण शोधत राहतो. घराच्या मागे अर्थिंगचा खड्डा आहे. गळकी वीज ओल्या मातीतच नीट उतरते म्हणून उन्हाळ्यात त्याला ते रोज सकाळी बादलीभर पाणी घालतात. शेजारच्या बाई पहिल्यांदा राहायला आल्या तेव्हा त्यांना वाटलं, मास्तरांनी इथे काहीतरी पेरलं आहे. त्या मोठ्या आस्थेने विचारायच्या, "काही उगवलं का हो?" पण सगळ्यात गाजलेला प्रकार म्हणजे त्यांचा आहेर. लग्न कोणाचंही असो, सोनेरी कागदात गुंडाळलेली चौकोनी डबी घेऊन ते स्टेजवर चढतात. हातात घेतल्यावर ती चांगली जड लागते. माझ्या पुतणीला वाटलं मोबाइल आहे. माझ्या मेव्हण्याच्या सुनेला वाटलं दागिना. उघडल्यावर आत ईएलसीबी निघतो, आणि सोबत साडभाऊंच्या वळणदार अक्षरात 'सुखी राहा, महिन्यातून एकदा बटण दाबा' असा आशीर्वाद. एका जोडप्याने तो नेमका कशासाठी आहे हे न कळून शोकेसमध्ये ताजमहालाच्या शेजारी ठेवला होता. साडभाऊंनी पाहिला. त्याच संध्याकाळी ते वायरमन घेऊन हजर झाले.

गंमत अशी की त्यांना विजेची भयंकर भीती वाटते. स्वतः ते साधा दिवाही बदलत नाहीत. सगळं काम युनूसभाई नावाचा त्यांचा जुना ओळखीचा वायरमन करतो, आणि हे मागे लाकडी स्टुलावर, पाय वर घेऊन, बसून राहतात. ही भीती कुठून आली ते माझ्या मेव्हणीने मला सांगितलं. पल्लवी, म्हणजे त्यांची मुलगी, तेव्हा लहान होती. भर उन्हाळ्याची दुपार. मेव्हणी कूलरमध्ये पाणी भरत होती. बादली टेकवताना तिचा हात पत्र्याला लागला आणि तिथेच चिकटला. साडभाऊ समोरच पेपर तपासत बसले होते. ती सांगते, "मी पाहून राहिली त्यायच्याकडे, पण तोंडातून आवाज नाही निघून राहिला. आन् हे उभे! माणूस उभ्या उभ्या विसरला का काय कराचं ते!" मग त्यांना काय सुचलं कोण जाणे. दारामागे नकाशा दाखवायची लाकडी काठी होती. ती उचलून त्यांनी तिच्या हातावर असा तडाखा हाणला की हात सुटला आणि मनगटही सुजलं. ती हे हसत सांगते. "जिंदगीत एकडावच मारलं मले, पण काय मारलं!" साडभाऊ मात्र ही गोष्ट निघाली की उठून बाहेर जातात. त्यांना तो तडाखा आठवत नाही. त्याच्या आधीचं नुसतं उभं राहणं तेवढं आठवतं.

तर ही पल्लवी लग्नाची झाली. कामठीचं स्थळ आलं. मुलगा संकेत, नागपुरात नोकरीला, रोज बसने जाणारा-येणारा, स्वभावाने गरीब. वडील जुने विणकर, घरामागच्या शेडमध्ये त्यांचे दोन पावरलूम. मुलामुलीने एकमेकांना पसंत केलं होतं, पोहे झाले होते, फक्त मुलाचं घर पाहून साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरवायची बाकी होती. आमच्यात पत्रिका पाहायची रीत दोन पिढ्यांमागेच गेली. ती मोकळी झालेली जागा साडभाऊंनी मीटरबोर्डाला दिलेली आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आम्ही चौघं-पाचजण गेलो. मुलाच्या वडिलांनी हौसेने सगळं घर दाखवलं, लूम चालवून दाखवले, गच्चीवरून गावही दाखवलं. शेवटी चहा आला तेव्हा म्हणाले, "आता अजून का दाखवू, मास्तर?"

"मीटरबोर्ड दाखवा," साडभाऊ म्हणाले.

मी पल्लवीच्या आईकडे पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला.

बोर्ड जिन्याखाली होता. काळपटलेली लाकडी फळी, तिच्यावर चिनी मातीचे जुने फ्यूज. साडभाऊंनी युनूसभाईकडून ऐकून ठेवलेल्या सगळ्या पापांचं तिथे संमेलन भरलं होतं. फ्यूजमध्ये बारीक तार घालायची असते, जास्त करंट आला की ती वितळते. इथे बोटाएवढी जाड तार पिळून बसवलेली. मुलाचे वडील अभिमानाने म्हणाले, "पहिले सारखा उडे. ही टाकली तवापासून एकडाव नाही उडला!" साडभाऊंनी चष्मा खाली घेतला. म्हणाले, "अर्थिंग नाही. ईएलसीबी नाही. फ्यूज नावाले आहे. पाहुणे, राग नका मानू, पण ह्या घरात मले पोरगी देता येत नाही."

मुलाच्या वडिलांनी एकदा त्या फळीकडे पाहिलं आणि एकदा साडभाऊंकडे.

"मास्तर," मुलाचे वडील हळूच म्हणाले, "तुम्ही पोरगी देऊन राहिले का लाइनचं कनेक्शन?"

 घरी आल्यावर पल्लवी बोलली. एरवी वडिलांपुढे आवाज न चढवणारी पोरगी त्या दिवशी म्हणाली, "बाबा, लोकं हुंड्यासाठी लग्न मोडतात. तुम्ही माझं फ्यूजसाठी मोडून राहिले!"  साडभाऊ मागे गेले आणि अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी घालत उभे राहिले. बादली संपली तरी उभेच होते.

मध्यस्थीला मला पाठवण्यात आलं, कारण दोन्ही बाजूंना मी सारखाच बिनमहत्त्वाचा होतो. मुलाचे वडील दुखावले होते. "आमच्या घरात का माणसं मरून राहिली का? माही आई ऐंशीच्या वर हाय, याच घरात राहून."  शेवटी संकेतच म्हणाला, "बाबा, बसवून घेऊ ना. त्यात का आहे एवढं? त्यायले पोरीची काळजी आहे, आपल्याले काहून राग यावा?"  वडील म्हणाले, "बसवा. पण मास्तरनं सोता इथं उभं राहावं. काई बिघडलं तर मी त्यायलेच विचारीन."

तसं ठरलं. युनूसभाईने आधी अंगणात खड्डा करून अर्थिंग घातलं, त्याची तार खोल्याखोल्यांतल्या सॉकेटपर्यंत नेली, आणि एका सकाळी जुनी फळी उतरवून नवा बोर्ड लावला. मी आणि साडभाऊ हजर होतो. त्या दिवशी साडभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मागचे लूम बंद ठेवले होते, शेजारपाजारचे दोन-चार लोक पाहायला जमले होते. युनूसभाईने मेन चालू केला, ईएलसीबीचा खटका वर केला. खट्. पडला. पुन्हा वर केला. पुन्हा खट्. तिसऱ्यांदा तर तो वर राहायलाच तयार नाही. पंखे बंद, फ्रिज बंद, उन्हं चढायला लागलेली. मुलाचे वडील दाराच्या चौकटीला टेकून पाहत होते. "वा," ते म्हणाले, "पहिले कधी लाइन जात नव्हती. आता येऊन नाही राहिली. हेच आणलं का तुम्ही?"

साडभाऊंच्या शर्टाची वरची गुंडी मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडी पाहिली. त्यांनी मला बाजूला ओढलं आणि कानात विचारलं, "डब्बाच खराब तर नसेल ना?" मी भाषेचा माणूस, मी काय सांगणार! इतक्यात त्यांचा फोन वाजला. पल्लवी होती. "बाबा, झालं का? भांडू नका तिथं, मी हात जोडते." ते नुसतं "होऊन राहिलं" म्हणाले आणि फोन ठेवला. युनूसभाई सगळं पाहत होता. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "मास्टरजी, घरवाले भडक रहे हैं. बोलो तो इसको छोड के डायरेक्ट कर देता हूँ. डिब्बा लगा रहेगा, बटन रहेगा. किसको पता चलनेवाला है?"

सोपं होतं. दोन तारा इकडच्या तिकडे, आणि लग्न वाचलं असतं. साडभाऊंनी हो म्हणावं असं मला तरी मनापासून वाटत होतं. ते त्या डब्याकडे पाहत राहिले. नुसते उभे. मग एकदम मुलाच्या वडिलांपुढे जाऊन त्यांनी हात जोडले. "थोडा टाइम द्या. एकेक खोली लावून पाहू. नाही सापडलं तर मी सोता हे काढायले लावतो, आन् मरेपर्यंत तुमच्या बोर्डाकडे पाहत नाही." हे वचन केवढं मोठं होतं ते त्या बिचाऱ्यांना माहीत नव्हतं.

युनूसभाईने सगळे छोटे खटके पाडले आणि ईएलसीबी वर केला. राहिला. मग बैठकीच्या खोलीचा खटका लावला. राहिला, पंखा फिरायला लागला. स्वयंपाकघर लावलं, फ्रिज गुरगुरला. न्हाणी लावली, वरची खोली लावली. एकेक खोली उजळत होती तसा घरच्यांचा चेहरा खुलत होता आणि साडभाऊंचा पडत होता. जगात घरातली लाइन आल्याचं इतकं दुःख कोणाला झालं नसेल. एकच खटका उरला, मागच्या खोलीचा. तिथे संकेतची आजी राहायची. युनूसभाईने तो वर केला आणि खट्! सगळं घर पुन्हा गप्प झालं.

आम्ही सगळे मागच्या खोलीत गेलो. आजी खाटेवर बसून आमच्याकडे पाहत होती. लहानशी, पांढऱ्या लुगड्यातली, कानाने कमी ऐकणारी. खाटेला लागून तिचा जुना पत्र्याचा कूलर. युनूसभाईने कूलरची पिन काढली, लाइन राहिली. पिन लावली, गेली. पुन्हा काढली, राहिली.

"माह्या कूलरले हात नोका लावू बाप्पा," आजी म्हणाली. "त्याच्यावाचून मले झोप नाही येत."

"आजी," साडभाऊ तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "ह्याले हात लावल्यावर काही होते का तुम्हाले?"

"कूलरले काय होते! मलेच होते. वात हाय ना माह्या हातात. झिणझिण होते. कूलरची थंडी लागली का जास्तच होते. डाक्टरच्या गोया खाऊन राहिली मी दोन उन्हाळ्यापासून." तिने उशाखालून गोळ्यांचं पाकीटही काढून दाखवलं.

 युनूसभाई खाली बसून पंपाच्या तारेकडे पाहत होता, तिचं आवरण पाण्यात कुजून गेलं होतं. करंट पत्र्यात उतरत होता. इतके दिवस त्याला जमिनीत जायला आजीच्या अंगाखेरीज दुसरी वाट नव्हती. कधी खाट, कधी रबरी चप्पल, एवढ्यावर आजी तगली होती. आता अर्थिंगची वाट मिळाल्याबरोबर तो तिकडे पळत होता आणि तो मोजत बसलेला डबा दार लावत होता. युनूसभाईने हे चार शब्दांत सांगितलं. मुलाचे वडील खाटेच्या कडेला बसले. त्यांनी आईचा हात हातात घेतला आणि उलटासुलटा करून पाहिला.

"आई, मले सांगतलं काहून नाही वं?"

"सांगतलं ना गा. तूच म्हने, म्हातारपण हाय."

ते उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळाने आले ते हातात चहाचा कप घेऊन, आणि तो त्यांनी साडभाऊंना स्वतः दिला.  साडभाऊंनी 'मी म्हटलं होतं' असं म्हटलं नाही. मला वाटतं, त्यांना ते सुचलंही नसावं. ते आजीच्या हाताकडे पाहत होते.

साक्षगंध झालं आणि लग्नही ठरल्या तारखेला झालं. पल्लवी पांढऱ्या साडीत फार सुंदर दिसली. साडभाऊंनी मंडपाच्या डेकोरेशनवाल्याला सकाळपासून इतकं छळलं की तो वरातीआधी पळून जाण्याच्या बेतात होता. पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. आजीने साडभाऊंना धरून ठेवलं. दर उन्हाळ्यात कूलर काढायची वेळ आली की कामठीहून फोन यायचा. आजीचा हुकूम असे, "मास्तर आल्याबिगर कोणी चालू कराचा नाही." साडभाऊ सकाळीच निघायचे. कूलर उन्हात धुवायचे, जाळ्यांमध्ये गवताची नवी घास भरून घ्यायचे, तार पाहायचे, बटण दाबायचे, टेस्टर लावायचे, आणि मग आजीला म्हणायचे, "लावा आता हात." ती तळहात पत्र्यावर ठेवायची आणि म्हणायची, "थंडगार हाय." मग सगळ्यांना सांगायची, "जिंदगीत एवढे डाक्टर पाह्यले, पण माही झिणझिण ह्या मास्तरनं काढली." कोणाच्या घरात पाणी प्यायलाही न टेकणारा हा माणूस तिथे दुपार-दुपार बसायचा. ती त्याला जुन्या कामठीच्या, हातमागाच्या, छावणीतल्या गोऱ्या साहेबांच्या गोष्टी सांगायची. दुपारी कूलरपुढे दोघंही बसल्या बसल्या झोपून जायचे. पल्लवीने त्यांचा तसा एक फोटो मला पाठवला होता.

मधल्या काळात जग बदललं. आता नवीन फ्लॅटमध्ये ईएलसीबी आधीच लावलेला असतो. साडभाऊ गृहप्रवेशाला जातात, झाकण उघडतात, सगळं जागच्या जागी असतं. ते बटण दाबतात, 'चालू आहे' म्हणतात आणि मग काय करावं ते न समजून गर्दीत उभे राहतात. आहेरातही आता ते पाकीट देतात.

आजी या हिवाळ्यात गेली. झोपेतच गेली, कोणाला काही तसदी न देता. मला वाटलं होतं की आता कामठीच्या त्या फेऱ्या संपल्या. पण एप्रिल लागला आणि व्याह्यांचा फोन आला. "मास्तर, येता का? कूलर लावाचा हाय." साडभाऊंनी मला सोबत नेलं. आजीची खोली झाडून स्वच्छ केलेली होती, खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. तिथे आता कोणी झोपत नाही. तरी साडभाऊंनी कूलर अंगणात नेऊन धुतला, घास बदलली, तार पाहिली, पुन्हा खिडकीशी आणून ठेवला. बटण दाबलं, लाइन गेली, आली. मग कूलर चालू केला. घासेचा ओला वास खोलीभर पसरला.

व्याह्यांनी खाट खाली टाकली. दोघं तिच्या दोन टोकांना बसले. पल्लवी चहा घेऊन आली, रिकाम्या खोलीत घरघरणाऱ्या कूलरकडे तिने पाहिलं आणि सवयीने बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे बाई," व्याही म्हणाले. "चालू दे जराक वेळ."